तळ्यात परत गेलेल्या गाई

हिवाळ्यातल्या एका दुपारी, सुपरमार्केटात, दिवस भरत आलेली एक बाई नाहीशी होते. तिचं नाव गोलाइदिद, नवऱ्याचं किलिद. शोध घ्यायला नवऱ्याचा नात्यातला एक भाऊ येतो, तो खासगी गुप्तहेर आहे आणि त्याचं नाव आर्थर. फ्लिर दाविद यांची ‘द व्हाइट ट्रेल’ ही छोटेखानी कादंबरी २०११ साली आली, तिची ही सुरुवात. नावं बाजूला ठेवली तर कुठल्याही वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची बातमी वाटावी. पण वेल्समधल्या वाचकाला ही नावं बाजूला ठेवता येत नाहीत. ही माणसं तिथे निदान सात-आठशे वर्षं राहताहेत.

मूळ वेल्श लोककथेतली गोलाइदिद रानात हरवते. पोट राहिल्यावर तिला वेड लागतं, ती घराच्या छपराखाली यायलाच तयार नसते. दिवस भरतात तेव्हा ती भटकत एका डुकरं राखणाऱ्याच्या वाड्यापाशी पोचलेली असते. डुकरांना पाहून दचकते, भानावर येते आणि तिथेच बाळंत होते. पुढे ती आजारी पडते. मरणार हे कळल्यावर नवऱ्याला, म्हणजे राजाला, बोलावते आणि म्हणते, तू दुसरी करणार हे मला ठाऊक आहे, पण माझ्या थडग्यावर दोन फुलांचं काटेरी झुडूप उगवल्याखेरीज करू नकोस. तो कबूल होतो. मग ती आपल्या गुरूला गुपचूप बोलावून सांगते, दरवर्षी माझं थडगं असं साफ करा की त्यावर काही उगवता कामा नये. राजा रोज सकाळी माणूस पाठवतो, काही उगवलं का बघायला. काही उगवत नाही. सातव्या वर्षाच्या शेवटी गुरुजी आपलं वचन विसरतात.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ हसत बसले होते. पुढे या गोष्टीत राक्षस आहे, त्याची मुलगी ओल्वेन आहे, ती चालेल तिथे पावलोपावली पांढरी फुलं उमलतात, तिच्यासाठी अशक्य कामांची लांबलचक यादी आहे. ते सगळं छानच आहे. पण मला धरून ठेवलं ते त्या बाईने. सवत येऊ नये म्हणून मेल्यानंतरचा बंदोबस्त करून ठेवणारी, आणि रोज सकाळी थडग्यावर माणूस पाठवणाऱ्या नवऱ्याला पुरेपूर ओळखून असलेली बाई.

वेल्सच्या आजच्या कथा-कादंबऱ्यांत लोककथा आणि रोजचं जगणं यांची सरमिसळ असते, असं समीक्षक म्हणतात. मला हे सरमिसळ प्रकरण नीटसं पटत नाही. सरमिसळ करायला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. या जुन्या गोष्टी मुळातच घरातल्या भांडणांच्या आहेत. सासरी छळ होणारी बहीण, मूल मारल्याचा आळ आलेली आई, मनाविरुद्ध लावून दिलेलं लग्न, बायकोला टाकून बाहेर रमलेला नवरा. चमत्कार त्या भांडणाच्या आजूबाजूला घडतात. नव्या लेखकांनी फार काही आणून मिसळलेलं नाही. आत घर होतंच, तिकडे त्यांनी लक्ष वेधलं.

या गोष्टींचा मोठा साठा ‘मॅबिनोगी’ आणि तिच्यासोबतच्या कथांमध्ये आहे. त्या दोन हस्तलिखितांत मिळून टिकल्या. एक १३५०च्या सुमाराचं ‘ऱ्हदेर्खचं पांढरं पुस्तक’, ते आज अबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. दुसरं त्यानंतर काही दशकांनी लिहिलं गेलेलं ‘हेर्गेस्टचं लाल पुस्तक’, ते ऑक्सफर्डला. इंग्रजी वाचकांपर्यंत त्या पोचवल्या लेडी शार्लट गेस्ट यांनी. या बाई इंग्रज, नवरा मर्थर टिडविलजवळच्या डाउलिस लोखंड कारखान्याचा मालक. लग्न होऊन तिथे आल्यावर त्या वेल्श शिकल्या आणि १८३८पासून एकेक भाग छापत गेल्या, दहा बाळंतपणं सांभाळत. पुढे नवरा वारल्यावर कारखान्याचा कारभारही त्यांनी पाहिला. हे अनुवाद परीराज्यातून आलेत असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या घराचा पत्ता लक्षात ठेवावा.

माझी धाकटी बहीण शिकायला अबरिस्टविथला होती, म्हणून मी तिकडे गेले. नाहीतर पुण्याहून वेल्सला कोण कशाला जाईल? तिच्या खोलीत ‘सेरेन’ या प्रकाशन संस्थेची काही पुस्तकं होती. या संस्थेने २००९ ते २०१३ या काळात दहा लेखकांकडून मॅबिनोगीच्या कथा नव्याने लिहून घेतल्या. अट एवढीच की कथेचा धागा जुना हवा. काळ, स्थळ, घाट सगळं लेखकाच्या मर्जीवर. अशा ठरवून करवलेल्या मालिकांबद्दल मला एरवी शंका असते. हीही सगळी सारख्या तोलाची नाही. पण जिथे जमलंय तिथे फार जमलंय.

एकाने स्वप्नात राजा आर्थरची छावणी पाहणाऱ्या जुन्या सैनिकाला इराकच्या लढाईवर निघालेला पोरगा केलं. एकीने फुलांपासून घडवलेल्या बायकोची गोष्ट थेट अंतराळात नेली. ते पुस्तक, ग्विनेथ लुइस यांचं ‘द मीट ट्री’, हुशारीने लिहिलेलं आहे, पण मला जरा कोरडं वाटलं. याउलट किनन जोन्सनी पेरेदिरला, म्हणजे आईने जगापासून लपवून वाढवलेल्या आणि शूर सरदार पाहून वेडावलेल्या पोराला, सायकलवर फिरणारा उनाड मुलगा केलंय, तो मात्र पक्का डोक्यात बसतो. मूळ कथेतला पेरेदिरही तसाच आहे. रीतभात न शिकलेला, अंगात रग असलेला, कोणी काही सांगितलं की शब्दशः तेच करणारा. जुन्या भाटांनी त्याला सरदार म्हटलं. आज त्याच्या नावावर पोलिसांचे आणि समाजसेवकांचे कागद जमले असते. जोन्सची कादंबरी अशाच कागदांमधून उलगडते.

वेल्समध्ये गोष्टी गावांना चिकटून असतात. मॅबिनोगीत पानोपानी गावांची नावं येतात. डुकरं चोरून नेताना रात्रीचा मुक्काम कुठे केला हेही लेखक सांगतो, कारण त्या गावाच्या नावात अजून डुकरं आहेत. लोककथेचा पत्ता असा पक्का असला की त्या पत्त्यावर पुढे काय काय उभं राहतं त्याला इलाज नसतो. फुलांची बायको ब्लोदाइवेद जिथे राहिली असं मानतात ती तोमेन अ मूर ही टेकाडवजा जागा. तिथून समोर त्रॉसवनिद तलाव दिसतो, आणि काठावर अणुवीज केंद्राच्या दोन चौकोनी धूड इमारती. ते केंद्र १९६५ साली सुरू झालं, १९९१ साली थांबलं. ब्लोदाइवेदची कहाणी अशी: मुलाला मानवी बायको मिळू नये असा आईचा शाप. म्हणून दोन जादूगार ओक, ब्रूम आणि मेडोस्वीटची फुलं घेतात, त्यांची एक सुंदर बाई घडवतात आणि त्याला देऊन टाकतात. तिला कोणी विचारत नाही. तिचा जीव दुसऱ्यावर जडतो, नवऱ्याच्या खुनाचा बेत होतो, तो फसतो, आणि शिक्षा म्हणून तिला घुबड केलं जातं. प्रयोगशाळेत हव्या तशा बायका बनवायच्या आणि त्या मनाप्रमाणे वागल्या नाहीत की घुबड म्हणायचं. त्या दोन इमारतींसमोर उभं राहून ही गोष्ट आठवली तर लेखकाला फारशी कल्पनाशक्ती लढवावी लागत नाही.

लोककथा आणि रोजचा व्यवहार यांचं सगळ्यात गमतीदार लग्न मात्र एका हॉटेलवाल्याने लावलं. बेदगेलर्ट हे एरीरीच्या डोंगरातलं देखणं गाव. तिथे एका झाडाखाली गेलर्ट नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. राजा ल्हेवेलिन शिकारीहून परततो, पाळणा उलथलेला, बाळ दिसत नाही, कुत्र्याच्या तोंडाला रक्त. तो तलवार खुपसतो. मग पाळण्याखाली बाळ सुखरूप सापडतं आणि शेजारी मेलेला लांडगा. मराठी वाचकाला पुढचं सांगायला नकोच. पंचतंत्रातल्या मुंगसाची ही गोष्ट. तिथे लांडग्याच्या जागी साप, तलवारीच्या जागी पाण्याची घागर. इराण-अरबस्तानातून युरोपात आणि तिथून वेल्सला, असा तिचा प्रवास अभ्यासकांनी लावला आहे. आणि समाधी? अठराव्या शतकाच्या अखेरीस गावात गोट हॉटेल चालवणाऱ्या डेव्हिड प्रिचर्डने पर्यटक यावेत म्हणून ती रचली, असं वेल्समध्ये सगळेच मोकळेपणी सांगतात. तरी लोक येतात. दगडावरची अक्षरं वाचतात, डोळे पुसतात, आइसक्रीम खातात. बहीण म्हणाली, “ताई, आपली गोष्ट चोरून यांनी धंदा केला!” मला तसं वाटलं नाही. मुंगसाला त्याच्या मायदेशी कोणी दगड तरी कुठे उभारला?

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती मिद्वाय गावची गोष्ट. कारमार्थनशरमध्ये काळ्या डोंगराच्या कड्याखाली ‘ल्हिन अ वान वाख’ नावाचं तळं आहे. एका विधवेचा मुलगा तिथे गुरं चारतो. पाण्यावर बसून केस विंचरणारी एक बाई त्याला दिसते. तो तिला आपली भाकरी देऊ करतो. फार भाजली आहे म्हणून ती नाकारते. दुसऱ्या दिवशी आई कच्ची कणीक देते, तीही नको. तिसऱ्या दिवशी अर्धी भाजलेली भाकरी पाण्यावर तरंगत येते, आणि बाई राजी होते. अट एकच: विनाकारण तीनदा हात लावलास तर परत जाईन. हुंडा म्हणून एका दमात मोजता येतील तितकी गुरं मिळतात. संसार सुखाचा होतो, तीन मुलगे होतात.

मग ते तीन फटके. ‘फटका’ हा शब्दही फार झाला. बारशाला जायला ती कुरकुरते. तो हातमोज्याने तिच्या खांद्यावर हलकेच टपली मारतो, चल म्हणून. एक झाला. लग्नात सगळे हसताहेत, ती रडते. तो तिला हटकतो. दोन. अंत्यविधीला सगळे रडताहेत, ती हसते, कारण मेलेला माणूस आता त्रासातून सुटला. तो तिला गप्प करायला हात लावतो. तीन. ती उठते आणि तळ्याकडे चालू लागते. चालता चालता आपल्या गाईंना एकेक नावाने हाक मारते. पांढऱ्या ठिपक्यांची, करड्या ठिपक्यांची, सगळ्या येतात. कापून आकड्याला टांगलेलं काळं वासरू जिवंत होऊन खाली उतरतं. शेतात नांगराला जुंपलेले चार बैल नांगरासकट निघतात. त्यांनी पाडलेला चर तळ्यापर्यंत गेलेला दिसतो, असं लोक सांगतात.

मारहाण म्हणता येणार नाही असं काहीतरी. चारचौघांत बायकोने कसं वागावं याचं जरासं वळण लावणं, तेही लग्न, बारसं, मयत अशा ठिकाणी. बाहेरच्याला दिसलं तर तो म्हणेल, यात काय एवढं? गोष्ट त्या ‘यात काय एवढं’चा हिशोब ठेवते. आपल्याकडे गावोगाव ऐकू येणारं, लग्नाला भांडी देणारं तळं मला इथे आठवतं. पूजा करून मागावं, सकाळी काठावर भांडी मांडलेली असावीत, आणि कोणीतरी एक वाटी ठेवून घेतल्यापासून तळ्याने देणं बंद करावं. तसाच एक दरवाजा पेन अ वान शिखराखालच्या ‘ल्हिन कूम ल्हुख’ या तळ्यापाशी दर मे महिन्याच्या पहिल्या दिवशी उघडायचा. आत परींचा बगीचा, पाहुण्यांना फळंफुलं, फक्त बाहेर काही न्यायचं नाही. कोणीतरी खिशात फूल घातलं. तेव्हापासून दरवाजा बंद. पण वाटी आणि फूल या चोऱ्या आहेत. मिद्वायच्या गोष्टीतल्या नवऱ्याने काहीच चोरलं नाही, म्हणून ती गोष्ट अधिक लागते.

आई मुलांसाठी मात्र परत आली. थोरल्या रिवालनला आणि त्याच्या भावांना तिने झाडपाला शिकवला, आणि मिद्वायचे वैद्य पिढ्यान् पिढ्या प्रसिद्ध राहिले. हे वैद्य खरोखरचे. तेराव्या शतकात ते राजा रिस ग्रिगच्या पदरी होते, आणि त्यांची औषधं त्याच लाल पुस्तकात उतरवलेली आहेत. म्हणजे एकाच पोथीत राजाच्या गोष्टी आणि तापावरचा काढा. तळ्यावर पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात ल्हानेल्ही शहराला पाणी मिळावं म्हणून बांध घालण्यात आला; त्या कामावर युद्धाला नकार दिलेली माणसंही होती. बंदूक उचलायला नाही म्हणणाऱ्यांना परीच्या तळ्यावर दगड उचलायला लावलं. यावर अजून कोणी कादंबरी लिहिली असेल तर मला ती वाचायची आहे.

पाण्याचा विषय निघाला की वेल्समध्ये गोष्ट सरळ राजकारणात जाते. अबरिस्टविथच्या उत्तरेला बोर्थची किनारपट्टी आहे. मोठ्या ओहोटीला वाळूतून झाडांची खोडं वर येतात: ओक, पाइन, बर्च, साडेचार हजार वर्षांहून जुनी. २०१४च्या वादळांनी वाळू उपसल्यावर ती पूर्वीपेक्षा बरीच अधिक दिसू लागली. बहिणीबरोबर मी तिथे गेले होते. खोडं काळी, हाताला स्पंजासारखी मऊ. या किनाऱ्यासमोर कान्त्रेर ग्वायलोद नावाचा सुपीक प्रांत होता आणि सेथेनिन नावाच्या दारुड्या पहारेकऱ्याने बांधाचे दरवाजे उघडे टाकल्यामुळे तो एका रात्रीत बुडाला, असं शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. त्यातला दारुडा नंतर आला. तेराव्या शतकातल्या ‘कारमार्थनच्या काळ्या पुस्तका’त जी कविता आहे तिच्यात बोल लावलाय तो मेरेरिद नावाच्या एका मुलीला. दोष कोणाच्या पदरात टाकायचा हे काळानुसार बदलत गेलं.

तोच दोष विसाव्या शतकात कोणाच्या पदरात टाकायचा याबद्दल मात्र तिथे एकमत आहे. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. १९५७ साली लंडनच्या संसदेने कायदा केला. वेल्सच्या एकाही खासदाराने त्याच्या बाजूने मत दिलं नाही. १९६५ साली त्रवेरिनच्या खोऱ्यातलं कापेल केलिन हे गाव, शाळा, पोस्ट, प्रार्थनाघर आणि दफनभूमीसह पाण्याखाली गेलं. वेल्श बोलणारं अख्खं गाव. २००५ साली लिव्हरपूलच्या नगर परिषदेने माफी मागितली. अबरिस्टविथहून दक्षिणेला जाणाऱ्या रस्त्यावर एका पडक्या भिंतीवर १९६०च्या दशकापासून रंगवलेलं आहे: त्रवेरिन विसरू नका. २०१९ साली कोणीतरी त्या भिंतीची नासधूस केली, तर तेच शब्द वेल्सभर घरांवर, गोठ्यांवर, कारच्या काचांवर उमटले. त्यानंतर कोणत्याही वेल्श लेखकाने तळ्याखालचं गाव लिहिलं, घंटानाद लिहिला, की वाचकाला काय ऐकू येत असेल ते वेगळं सांगायला नको. लोककथा इथे जुन्या काळाची आठवण म्हणून येत नाही. तिच्या नावाने पाण्याचं बिल फाडलेलं असतं.

ब्रानवेनची गोष्ट या सगळ्यात क्रूर. ब्रिटनच्या राजाची, ब्रानची बहीण. आयर्लंडच्या राजाला दिली. लग्नाच्या वेळी तिच्या सावत्र भावाने, आपल्याला विचारलं नाही म्हणून, पाहुण्यांच्या घोड्यांचे ओठ, कान, शेपट्या कापून टाकल्या. भरपाई दिली, वऱ्हाड परत गेलं. पण सासरी कुजबुज सुरू झाली आणि त्याचा सूड ब्रानवेनवर उगवला. राणीला मुदपाकखान्यात टाकलं. रोज खाटिकाने मांस तोडून झालं की यायचं, तिच्या कानशिलात मारायची. तीन वर्षं. तेवढ्यात तिने परातीच्या काठावर एक साळुंकीच्या जातीचं पाखरू वाढवलं, त्याला बोलायला शिकवलं, भाऊ कसा दिसतो ते सांगितलं आणि पंखाखाली चिठ्ठी बांधून धाडलं. भाऊ आला, युद्ध झालं, त्याच्याकडची सात माणसं उरली. ब्रानवेन अँगलसीला उतरली, दोन्ही बेटांकडे पाहिलं, माझ्यापायी दोन देश बसले म्हणाली आणि तिचं काळीज फुटलं.

ओवेन शीअर्स यांनी ‘व्हाइट रेव्हन्स’मध्ये ही गोष्ट दोन काळांत विभागली आहे. एकीकडे २००१च्या लाळ्या-खुरकताच्या साथीत गुरं गमावलेलं आजचं डोंगरातलं शेत आणि त्यातली धाकटी बहीण रिआन. दुसरीकडे दुसऱ्या महायुद्धातला जखमी आयरिश सैनिक, ज्याची नेमणूक शत्रूत अफवा पसरवणाऱ्या खात्यात आहे. त्याला हुकूम मिळतो: वेल्सच्या एका शेतावरून डोमकावळ्यांची पिलं लंडनच्या टॉवरपर्यंत पोचव. ब्रानचं शिर लंडनमध्ये पुरलंय आणि ते तिथे आहे तोवर परचक्र येणार नाही, ही जुनी समजूत. टॉवरवर डोमकावळे आहेत तोवर राज्य टिकेल, ही नंतरची. युद्धाच्या धामधुमीत सरकारला अफवाही लागते आणि कावळेही लागतात. मला ही कल्पना भलतीच आवडली. लोककथेला भोळेपणा समजणाऱ्यांनी सरकारी खात्याकडे बघावं. आणि साथीत जनावरं जाळलेल्या शेतावरचे भाऊ, त्यांचा तो मुका संताप? घोड्यांचे ओठ कापणारा सावत्र भाऊ मला तिथे पहिल्यांदा नीट कळला.

हे सगळं इंग्रजीतून चाललंय, हा आक्षेप तिथे घेतला जातो आणि तो मला रास्त वाटतो. २०२१च्या जनगणनेत वेल्समध्ये वेल्श येणारे १७.८ टक्के निघाले, साधारण ५ लाख ३८ हजार. या गोष्टी त्या भाषेच्या, आणि नवा अवतार बहुतेकदा इंग्रजी. पण वेल्शमध्येही हे चालू आहेच, आणि वेगळ्या चालीने. १९६१ साली कॅराडोग प्रिचर्डनी पाटीदगडाच्या खाणींच्या बेथेस्दावर जी कादंबरी लिहिली तिच्यात एका पोराच्या वेडसर बडबडीत मध्येच काळ्या तळ्याच्या राणीचा आवाज घुसतो, कोणी ओळख करून देत नाही. मॅनन स्टेफन रोस यांच्या ‘ल्हिव्र ग्लास नेबो’ला २०१८च्या राष्ट्रीय आइस्तेद्वोदमध्ये, म्हणजे वेल्श साहित्य-कलांच्या वार्षिक उत्सवात, गद्याचं पदक मिळालं. नेबोचं निळं पुस्तक. जगाच्या अंतानंतर उरलेली आई आणि तिचा मुलगा एका निळ्या वहीत आळीपाळीने लिहितात. पांढरं, लाल, काळं, त्या रांगेत हे निळं. लेखिकेनेच केलेल्या इंग्रजी रूपाला २०२३ साली ब्रिटनमधलं बालकुमार साहित्याचं कार्नेगी पदक मिळालं. अनुवादाला ते मिळण्याची ती पहिली वेळ. त्यात परी नाही, राक्षस नाही. भाजीपाला लावणं, सापळे लावणं, शेजारी कुठे गेले याचा विचार न करणं. तरी ते पुस्तक त्या पोथ्यांच्या शेजारी ठेवायचं आहे, हे नावातच सांगून टाकलंय.

आपल्या बाजूने या मालिकेत एक दार उघडतं. तिशानी दोशी, चेन्नईच्या; वडील गुजराती, आई वेल्श. त्यांच्या वाट्याला झऱ्याच्या राणीची गोष्ट आली. त्यात एक सरदार झऱ्याच्या रखवालदाराला मारतो, त्याच्या विधवेशीच लग्न करतो, मग जुन्या मित्रांकडे तीन महिन्यांची मुदत घेऊन जातो आणि तीन वर्षं परततच नाही. या सगळ्याची जुळवाजुळव करते ती राणीची दासी लिनेद. दोशींच्या ‘फाउंटनव्हिल’मध्ये (२०१३) सरहद्दीवरचं एक काल्पनिक गाव आहे, झऱ्यावर प्रसूती-दवाखाना, आणि तिथे भाड्याने गर्भ वाढवला जातो. गोष्ट सांगते दासीच, लुना. हे पुस्तक आलं तेव्हा भारतात व्यापारी सरोगसी राजरोस चालत होती. बंदी घालणारा कायदा २०२१चा. जीवन देणारा झरा कोणाच्या मालकीचा आणि राखायचा कोणी, हा मध्ययुगीन प्रश्न त्या दवाखान्यात अगदी चपखल बसतो. शैली मला काही ठिकाणी फार सजवलेली वाटली. दासीला बोलू दिलं हे मात्र बरं झालं. मूळ कथेत अक्कल तिच्याच जवळ आहे.

कोणी विचारलं, सुरुवात कुठून करू, तर मी नव्या कादंबऱ्यांच्या आधी मॅबिनोगीची तिसरी शाखा, म्हणजे तिच्या चार मुख्य कथांतली तिसरी, वाचायला सांगते. सिओनेद डेव्हिस यांचा २००७चा इंग्रजी अनुवाद बोलण्यासारखा वाहतो. ब्रानच्या युद्धातून परतलेला मनाविदान, त्याची बायको रिआनन, सावत्र मुलगा आणि सून. एका क्षणात त्यांच्या मुलखावर जादू पडते: माणसं, गुरं, घरं, धूर, सगळं गायब, उरतात फक्त ही चौघं. राजघराण्यातला माणूस पोटासाठी परमुलखात जाऊन खोगिरं शिवतो. माल इतका चांगला की गावचे कारागीर जिवावर उठतात. दुसऱ्या गावी ढाली, तिसऱ्या गावी जोडे, तीच कथा. मुलगा दरवेळी म्हणतो, यांना बडवू. हा म्हणतो, नको, पुढच्या गावी जाऊ. मग मुलगा आणि बायकोही गायब होतात. सासरा आणि सून उरतात, सून भीतीने रडते, आणि तो तिला सांगतो की मी तुझा मित्र म्हणून राहीन. एवढा साधा, एवढा सभ्य प्रसंग मध्ययुगीन युरोपच्या साहित्यात मला फारसा भेटलेला नाही.

शेवटी तो गहू पेरतो. कापणीच्या आदल्या रात्री उंदीर अख्खं शेत साफ करतात. दुसरंही. तिसऱ्या रात्री तो राखणीला बसतो आणि एक जाड, पळता न येणारी उंदरीण हातमोज्यात पकडतो. चोर आहे, फाशी देणार. टेकडीवर तो दोन बेचकी रोवून इवलासा फास उभारतो. सून म्हणते, तुमच्यासारख्या माणसाला हे शोभतं का? येणारेजाणारे म्हणतात. एक भिक्षेकरी विद्यार्थी एक पौंड देऊ करतो, एक पाद्री तीन, मग बिशप स्वतः सात, चोवीस, घोडे, सामान. मनाविदान हलत नाही. आता बिशपलाच विचारावं लागतं, मग हवंय काय? आणि तो एकेक मागायला लागतो. बायको आणि मुलगा सोडा. मुलखावरची जादू काढा. ही उंदरीण कोण ते सांगा. ती असते बिशपचं सोंग घेतलेल्या जादूगाराची गरोदर बायको. पोटुशी नसती तर सापडलीच नसती. पुन्हा जादू करायची नाही. आणि याचा सूड आमच्यापैकी कोणावरही, कधीही उगवायचा नाही. जादूगार म्हणतो, ही शेवटची अट घातलीस ते बरं केलंस, नाहीतर सगळं तुझ्याच डोक्यावर येणार होतं. मनाविदान म्हणतो, म्हणूनच घातली.

लॉइड जोन्स यांनी याच शाखेवरून ‘सी हाउ दे रन’ लिहिली. तिच्यात जादूगाराचं नाव मिरवणारा एक प्राध्यापक अनुदान घेऊन एका रग्बीवीराचा अभ्यास करायला निघतो. ती वाचा, पण उंदरीणीनंतर.